नादारीच्या अर्जाआधी कर्जाचे कागद वाचा

वसुली विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. आधी एका नागरी बँकेत, मग एका पगारदार पतसंस्थेत. निवृत्तीनंतर फोन येतात ते उलट बाजूचे, म्हणजे कर्ज थकलेल्यांचे. सुरुवात बहुतेकांची सारखीच असते: "साहेब, दिवाळखोरी जाहीर केली तर सगळं सुटतं ना?"

हा प्रश्न येतो मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून. अमेरिकेत 'चॅप्टर ७' नावाचा प्रकार आहे, त्यात साध्या प्रकरणातला माणूस काही महिन्यांत कर्जमुक्त होतो. आपल्याकडे तसे काही नाही. दुसरा गोंधळ आपल्याच २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी आहेत, अगदी गरिबांसाठी 'नव्याने सुरुवात' नावाची प्रक्रियाही आहे (वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, स्वतःचे घर नाही, अशा अटी). पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी लागू झाला. तुम्ही कंपनीचे संचालक म्हणून बँकेला हमी लिहून दिली असेल तर तुमचा दरवाजा कंपनी विधी न्यायाधिकरणाचा. बाकी नोकरदार, दुकानदार, रिक्षावाले अजून इंग्रजांच्या काळातल्या नादारी, म्हणजे दिवाळखोरीच्या जुन्या कायद्यांतच आहेत: मुंबई शहरात १९०९ चा, उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा.

तेव्हा नादारी आहे, पण शेवटच्या खोलीत आहे. तिथे पोचण्याआधी चार-पाच दारे लागतात. कोणते दार तुमचे, हे कर्जाच्या आकड्यावरून कळत नाही. कर्ज कोणत्या कागदावर घेतले आहे आणि त्या कागदावर आणखी कोणाची सही आहे, यावरून कळते.

पहिली पायरी: वही

दोनशे पानी वही घ्या. एका कर्जाला एक पान. पानावर लिहायचे: मूळ रक्कम, आजची बाकी, व्याजदर, हप्ता, शेवटचा हप्ता कधी भरला ती तारीख, तारण काय, जामीनदार कोण, कोरे धनादेश किती दिले, हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो का. बाकी अंदाजाने लिहू नका. बँकेकडून खातेउतारा मागा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. त्यात विसरलेले एखादे कार्ड हमखास सापडते.

मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने आणि भिशीचे राहिलेले हप्तेही लिहा. घरच्यांपासून लपवलेली कर्जे या वहीत नसली तर पुढचे सगळे हिशेब चुकतात. माझ्या पाहण्यात तरी बायकोला शेवटी कळते ते वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर, आणि त्या दिवशी चर्चा पैशांची होत नाही.

उदाहरणासाठी एक सुपरवायझर घेऊ. सांगलीकडचा कारखाना, हातात पगार ४६,०००, घरखर्च काटकसरीने २२,०००. त्याची वही अशी:

- घरकर्ज: बाकी १४ लाख, हप्ता १४,२००. घराची आजची किंमत सुमारे २८ लाख.
- खासगी वित्त कंपनीचे वैयक्तिक कर्ज: ३,६०,०००, हप्ता १२,४००.
- दोन क्रेडिट कार्डे मिळून १,८५,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी नुसते व्याजच ६,४७५.
- पतसंस्था: २ लाख, हप्ता ६,८००, जामीनदार दोन सहकारी.
- सोनेतारण: ९०,०००, महिन्याला व्याज सुमारे ९००. सोन्याची किंमत १,४०,०००.
- सावकार: १ लाख, शेकडा पाच, म्हणजे महिन्याला ५,०००. वीस महिने भरतोय.
- मेव्हणा: १,५०,०००, व्याज नाही, पण दिवाळीला बोलणे बंद.

एकूण २४,८५,०००. महिन्याला जायला हवेत ४५,७७५. म्हणजे पगार आला की २२५ रुपये उरतात आणि घर चालवायचे असते पुढच्या कार्डावर. असे वर्ष-दीड वर्ष चालते, मग एकदम कोसळते.

दुसरी पायरी: तंगी की नादारी?

आता वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करा. एकीकडे विकले तर काय येईल, दुसरीकडे एकूण देणे. सुपरवायझरचे घर आणि सोने मिळून २९,४०,०००. देणे २४,८५,०००. हा माणूस नादार नाही. त्याला तंगी आहे, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९२० च्या कायद्यात 'मला देणी फेडता येत नाहीत' हे अर्जदाराने दाखवावे लागते. २८ लाखांचे घर दारात उभे असताना न्यायालय ते सहज मानणार नाही.

त्याने खरे तर घर विकायला हवे. सगळी देणी फिटून तीनेक लाख उरतील, दलाली वजा जाता थोडे कमी. सोने घरी येईल. ९,००० भाड्याच्या घरात तो आजच्यापेक्षा सुखाने राहील. हे मी सांगितले की समोरचा माणूस गप्प होतो. घर विकणे म्हणजे आपल्याकडे हरणे. पण लिलावात गेलेले घर आणि स्वतः गिऱ्हाईक शोधून विकलेले घर यांच्या भावात किती फरक पडतो ते मी लिलावाच्या टेबलामागे बसून पाहिले आहे. विकायचेच असेल तर नोटीस येण्याआधी विका.

ज्यांच्या दोन्ही रकान्यांची बेरीज केल्यावर देणेच भारी भरते आणि पुढच्या पाच वर्षांच्या कमाईतूनही फिटत नाही, त्यांनीच पुढे नादारीचा भाग लक्ष देऊन वाचावा.

तिसरी पायरी: कागदांचे गठ्ठे

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश जातो.

*तारण असलेले कर्ज.* घर, गाडी, सोने. इथे नादारी कामाची नाही. तारण असलेल्या धनकोचा (कर्ज देणाऱ्याचा) हक्क नादारीनेही थांबत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक होते, मग (सोनेतारण सोडून) २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते, त्यानंतर ताबा. नोटिशीला उत्तर द्या. बँकेला तुमच्या हरकतीचे लेखी उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, आणि १ लाखापर्यंतच्या बाकीलाही नाही.

*जामीनदार असलेले कर्ज.* पतसंस्थांचा हा प्राण. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी तुमच्यामागे लागावे असे बंधन नाही. पगारदार पतसंस्थेत तर कपातीचे संमतीपत्र दिलेले असते आणि मालकाला पगारातून रक्कम कापून संस्थेकडे पाठवावीच लागते. तुम्ही नादार ठरलात, अगदी कर्जमुक्त झालात, तरी जामीनदार सुटत नाही; कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. म्हणून नादारीचा विचार करणाऱ्याने या गठ्ठ्याकडे दोनदा पाहावे. शेजारच्या मशिनवर काम करणाऱ्याच्या पगारातून तुमचे हप्ते कापले जाणार आहेत.

पतसंस्थेची वसुली दिवाणी दाव्याच्या वाटेने जात नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि विशेष वसुली अधिकारी थेट जप्ती करतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. तेव्हा १०१ च्या सुनावणीची नोटीस आली तर तिथेच हजर राहा. आमच्याकडे दहातले आठ येत नसत. जे येत, त्यांचे व्याजाचे आकडे पुष्कळदा दुरुस्त होत.

*विनातारण, विनाजामीन कर्ज.* क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज. फोन सर्वाधिक याचेच येतात, आणि कायदेशीर ताकद यांचीच सर्वांत कमी. बँकेला दावा लावावा लागतो किंवा लवादाकडे जावे लागते, हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) मिळवावा लागतो, मग दरखास्त, म्हणजे त्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी. माणूस फोनला घाबरून कार्डाचे पैसे भरतो आणि घराचा हप्ता चुकवतो. क्रम नेमका उलटा हवा.

*धनादेश.* हे वेगळे पान. दिलेला धनादेश वटला नाही तर धनादेशांच्या कायद्यातल्या कलम १३८ चा फौजदारी खटला होतो: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपोआप वळता होणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या देयक प्रणाली कायद्याखाली तशीच कारवाई होते. नादारीचा अर्ज ही फौजदारी प्रकरणे पुसून टाकत नाही. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात. ते दिवस वाया घालवू नका.

*सावकार.* महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात जाऊन पाहा, त्याच्याकडे परवाना आहे का. नसेल तर तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही. ही आपली जुनी दामदुपट. सुपरवायझरने एक लाखावर वीस महिने पाच-पाच हजार दिले, म्हणजे व्याजापोटी एक लाख देऊन झाले. यापुढे व्याजाचा एक रुपयाही लागत नाही, राहिले फक्त मुद्दल. पण दिलेले पैसे सिद्ध करता आले पाहिजेत. रोखीने देत असाल तर आजपासून खात्यावरून द्या. सावकाराने जमीन खरेदीखत करून घेतली असेल तर मागच्या १५ वर्षांतल्या व्यवहाराबद्दल जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत तो सावकारीतलाच निघाला तर जमीन परत देण्याचा आदेश होतो. असे कायदे आपल्याकडे उगीच झाले नाहीत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले, तेव्हा कुठे चार वर्षांनी दख्खनचा शेतकरी कायदा आला.

*नात्यातले.* याला कायद्याचा कागद नसतो, म्हणून ते आधी फेडावेसे वाटते. थांबा, पुढे कारण येते.

विचार चालू असताना करू नयेत अशा गोष्टी

भविष्य निर्वाह निधी काढून कार्ड फेडू नका. निधीतला पैसा कोणत्याही धनकोला जप्त करता येत नाही. तुमच्या स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कमही तशीच सुरक्षित. सुरक्षित खिशातला पैसा काढून ज्याची ताकद सर्वांत कमी त्याला देणे, हा व्यवहार मी फार पाहिला.

घर बायकोच्या नावे बक्षीसपत्र करू नका. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांतले असे फुकट हस्तांतर रद्द होऊ शकते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप दिले तर तेही रद्द. मेव्हण्याचे आधी देऊन टाकले आणि मग नादारीचा अर्ज केला, तर प्रापक (नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला अधिकारी) मेव्हण्याकडे पैसे परत मागायला जाईल. दिवाळीचे बोलणे मग कायमचेच बंद.

मोबाइलवरच्या कर्ज-ॲपमधून हप्ता भरायला कर्ज घेऊ नका. यावर जास्त लिहायची गरज नाही.

आणि फोन करणाऱ्याला 'पुढच्या महिन्यात नक्की भरतो' असे लिहून देऊ नका. साध्या उसनवारीची दाव्याची मुदत तीन वर्षे असते. मुदत संपायच्या आत केलेली लेखी कबुली किंवा भरलेली किरकोळ रक्कम ती नव्याने सुरू करू शकते. मुदत संपेपर्यंत लपून बसा असा याचा अर्थ नव्हे. काय लिहून देतो ते कळून द्या, एवढेच.

चौथी पायरी: स्वस्त उपाय आधी

सोने मोडा. सुपरवायझर ९०,००० च्या कर्जावर व्याज भरत १,४०,००० चे सोने कपाटाबाहेर ठेवून बसला आहे. विकले तर हातात ५०,००० येतात आणि एक खाते बंद होते.

मग घरकर्जाची मुदत वाढवून मागा. नऊ टक्क्यांनी १४ लाखांची उरलेली १५ वर्षे २० केली तर हप्ता १४,२०० चा सुमारे १२,६०० होतो. एकूण व्याज वाढते, पण आत्ता श्वास मिळतो. अर्ज खाते थकायच्या आधी करा. चालू खात्याच्या माणसाला शाखाधिकारी खुर्ची देतो; थकलेल्याची फाइल वसुलीकडे जाते, आणि तिथे माझ्यासारखा कोणीतरी असतो ज्याला महिन्याचे उद्दिष्ट गाठायचे असते.

आता त्याचा हिशेब: घरखर्च वजा जाता २४,०००. घर १२,६००, पतसंस्था ६,८००. उरले ४,६००. वैयक्तिक कर्ज पाच वर्षांवर पसरून १६ टक्क्यांनी घेतले तरी हप्ता ८,७५० च्या आसपास. कार्डे वेगळीच. जमत नाही. म्हणजे एक तर घरात आणखी दहा-बारा हजारांची कमाई यायला हवी, नाही तर घर विकायचे, नाही तर कार्ड आणि वैयक्तिक कर्जाची तडजोड करायची. सगळी कर्जे एकात गुंडाळून देणारा उपाय इथे विकला जातो. घरावर वाढीव कर्ज घेऊन कार्डे फेडायची. व्याज उतरते हे खरे. पण विनातारण कर्ज तुम्ही घरावर चढवता. कार्डे त्याच दिवशी कापून टाकणार असाल, तरच.

पाचवी पायरी: तडजोड

बँका एकरकमी तडजोड करतात. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेकडून किमान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही (शेतीकर्जाचा अपवाद), आणि पतअहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो. हा शेरा घरकर्ज घेताना फार छळतो. ज्याला पाच-सात वर्षे कर्ज लागणारच नाही त्याला त्याचे काय?

तडजोडीला पैसा एकरकमी लागतो. म्हणून ते ५०,००० सोन्याचे जपून ठेवा, हप्त्याहप्त्याने विरघळू देऊ नका. खाते थकल्यावर पहिल्या तीन महिन्यांत सूट कमी असते. नंतर वाढते, पण त्या काळात दंड आणि फोन दोन्ही सोसावे लागतात, आणि दावा लागण्याची जोखीम असतेच. मार्चअखेर बोलणी सोपी जातात, हा माझा अनुभव. टेबलाच्या दोन्ही बाजूंना घाई असते.

पैसे देण्याआधी पत्र हातात हवे. संस्थेच्या कागदावर, खाते क्रमांकासह, रक्कम आणि तारीख, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द, जामीनदार मुक्त केल्याचा उल्लेख, धनादेशाचा खटला किंवा लवाद मागे घेण्याची हमी. पैसे फक्त कर्जखात्यात. वसुली एजंटाच्या मोबाइल क्रमांकावर पाठवलेला रुपया तुमच्या खात्यात जमा झालाच असे नाही.

'तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो' म्हणत आधी फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. ते जे पत्र लिहितात ते तुम्हीही लिहू शकता.

प्रकरण न्यायालयात असेल किंवा जाणार असेल तर लोकअदालत चांगली. कोर्ट फी लागत नाही, आधी भरलेली परत मिळते, आणि निवाडा अंतिम असतो. अंतिम म्हणजे अपील नाही. तेव्हा झेपणार नाही असा हप्ता तिथे कबूल करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळू शकतो: स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, आणि महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना. मदतीचा क्रमांक १५१००.

वसुलीचा त्रास होत असेल तर: फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, नातेवाइकांना वा शेजाऱ्यांना सांगून बदनामी करता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही झाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (१४४४८). पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

सहावी पायरी: काहीच न करणे, म्हणजे दरखास्त

हाही एक पर्याय आहे आणि त्याचा हिशेब कोणी सांगत नाही. विनातारण कर्जाचा हुकूमनामा झाला तर पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. ४६,००० पगार धरला तर जास्तीत जास्त १५,००० कापले जातील. शिवाय एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. म्हणजे त्या धनकोला पगारातून फार तर ३,६०,००० मिळतील. घरातली भांडीकुंडी, कपडे, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे-बैल, आणि शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचे राहते घर जप्तीतून वगळलेले आहेत; इतरांचे घर नाही. तेही ते घर गहाण टाकले नसेल तर.

तुरुंगाची भीती घातली जाते. दिवाणी कैद कायद्यात आहे, ५,००० वरच्या हुकूमनाम्याला तीन महिन्यांपर्यंत. पण पैसे असून न देणाऱ्यालाच ती लागू, नसल्यामुळे न देणाऱ्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

सातवी पायरी: नादारी, खरोखर लागली तर

कोणाला लागते? समजा, कापडाचे दुकान बुडालेला माणूस. घर भाड्याचे. व्यापाऱ्यांचे आणि वित्त कंपन्यांचे मिळून १८ लाख, सगळे विनातारण, जामीनदार कोणी नाही. तीन हुकूमनामे, एकात अटकेची मागणी. याने नादारीचा विचार जरूर करावा.

१. अर्ज कुठे: मुंबई शहरात उच्च न्यायालयात, तिथे मालमत्ता ऑफिशियल असायनी नावाच्या न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे जाते. इतरत्र जिल्हा न्यायालयात. अट आजही ५०० रुपयांचे देणे, किंवा हुकूमनाम्यापोटी अटक, किंवा मालमत्तेवर जप्ती. आकडा १९२० चा आहे, हसू नका.

२. सोबत काय: सर्व धनकोंची नावे-पत्ते-रकमा, सर्व मालमत्तेची यादी, हिशेबाच्या वह्या. दुकानाच्या वह्या नीट नसतील तर पुढे मुक्तता मिळणे कठीण जाते. मालमत्ता लपवली तर तो गुन्हा आहे.

३. अर्ज दाखल झाल्यावर: धनकोंना नोटिसा, तुमची उलटतपासणी. अटकेत असाल तर सुटकेची मागणी करता येते, नंतर संरक्षणाचा आदेशही. या माणसासाठी खरा फायदा हाच.

४. नादार ठरल्यावर: जप्तीतून वगळलेले सोडून सगळे न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे. धनकोंना परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. पण मुक्तता होईपर्यंत नंतर मिळालेली मालमत्ताही प्रापकाकडेच जाते. वडील गेले आणि वारसाने दोन एकर आली, तर तीही. ज्याच्या घरात म्हातारे आईवडील आणि अजून न वाटलेली जमीन आहे, त्याने इथे थांबून वकिलाशी बोलावे.

५. मधला मार्ग: संख्येने निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश धनको तयार झाले तर तडजोडीचा प्रस्ताव न्यायालय मंजूर करू शकते. बाकीच्यांनाही मग तो बांधतो.

६. मुक्तता: ठरवलेल्या मुदतीत स्वतः अर्ज करावा लागतो. विसरलात तर नादारीच रद्द होते आणि सगळे धनको पुन्हा मोकळे. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणे निघत नसतील तर ते तुमच्या दोषामुळे नव्हते हे पटवावे लागते. नाहीतर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. सरकारी देणी, फसवणुकीतून आलेली देणी आणि पोटगी मुक्ततेनंतरही राहतातच.

या सगळ्याला वर्षे लागतात. तोवर आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचा संचालक होता येत नाही, आणि 'मी नादार आहे' हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. सरकारी नोकर असाल तर वर्तणूक नियम आधी वाचा. नादारी खात्याला कळवावी लागते.

नादारीचे काम केलेला वकील जिल्ह्याच्या ठिकाणी पटकन मिळत नाही. पुष्कळ वकिलांनी असा अर्ज उभ्या आयुष्यात केलेला नसतो. पहिल्याच भेटीत विचारा, किती केले, आणि मुक्ततेपर्यंत किती नेले.

शेवटचा हप्ता दिल्यावर

काम इथे संपत नाही. बेबाकी दाखला (काही देणे उरले नाही असा) घ्या. कोरे धनादेश मोजून परत घ्या, वहीत लिहिलेल्या आकड्याशी ताडून. बँकेने पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे द्यायची असतात. उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सातबारावर बोजा असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि तो कमी झाल्याचा फेरफार हातात पडेपर्यंत जात राहा. दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढा. खाते अजून थकीतच दिसत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती नाही झाली तर दिवसाला १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. आणि पतसंस्थेकडून जामीनदारांच्या नावाचे मुक्ततेचे पत्र वेगळे मागा, त्याच्या दोन प्रती काढा, आणि त्या दोघांना स्वतः नेऊन द्या.